तेरा सेंट

उणे चौतीस. किल्ली फिरवली तर इंजिन
नुसतं खाकरलं आणि गप्प बसलं.
म्हणून चालत आले कर्लिंगच्या हॉलपर्यंत,
काखेत फाइल, फाइलमध्ये तिसरं युनिट.

धुराडं इथून सरळ समोर दिसतं.
अशा थंडीत धूर वर जात नाही, आडवा पडतो
सस्कॅचवानच्या गोठलेल्या गव्हाच्या रानावर,
कुणीतरी रेघ मारून ठेवावी तसा:
इथवर जमा, इथून खर्च.

आज बर्फावर फळ्या, फळ्यांवर खुर्च्या,
खुर्च्यांवर सगळं गाव.
रेजायनाहून कंपनीचा माणूस आलाय. बूट नवे.
पडद्यावर त्याने मनोरा दाखवला, स्टीलचा,
आत अमाइनची धार, धुरातला कार्बन वेचणारी.
वेचते, हे खरं. आकडे मीच तपासलेत.
पण वेचलेलं तिच्या हातून सोडवायचं
तर तिला तापवावं लागतं,
आणि ती वाफ आमच्याच बॉयलरची.

ओरेस्ट ह्रिन्किव उठला. एकतीस वर्षं टर्बाइनवर.
"म्हणजे चार पाट्या कोळसा जाळायचा,
त्यातली एक, चौघींचा धूर धरायला?"
"साधारण," नवे बूट म्हणाले.
"मग पाचवी पाटी कुणाच्या परसातून आणायची?"
हॉल हसला. मीही हसले. फाइल हसली नाही.

कोळसा उगाळावा तितका काळाच.
आमचा तर लिग्नाइट, ओला, तपकिरी,
काळं व्हायलाही आळशी.

धरलेला वायू जाईल नळीने दक्षिणेला, तेलवाल्यांकडे.
ते तो जुन्या विहिरीत कोंबतील,
आणि आटली म्हणून सोडून दिलेली विहीर
पुन्हा तेल ओकेल.
ते तेल जळेल. तो धूर दुसऱ्याच्या वहीत.
माझ्या वहीत टनामागे सत्तावीस डॉलर, जमेला.
तेलाचा भाव पडला की पंधरा.
त्यांनी उचलला तर.

थोर्सरुडबाई मागून म्हणाल्या, बंद करा हवं तर,
पण शाळेच्या दहा मास्तरांतले चार
त्या धुराड्याच्या करावर जगतात, कुठले चार ते तुम्ही सांगा.
कुणी सांगितलं नाही.

काल रात्री मी दराचा रकाना उघडला होता.
सात टक्के. हा आकडा माझा नाही, वरून आलेला.
सात टक्क्यांनी, तीस वर्षांनंतरचा एक डॉलर
आज तेरा सेंट.
पुन्हा मोजलं. तेराच.
सेंटची नाणी तर या देशाने केव्हाच मोडीत काढली,
दुकानात रोख दिलं तर तेराचे पंधरा होतात.
माझ्या तक्त्यात तेवढंही होत नाही.
तीस वर्षांनंतरचा तो जुलै,
उत्तरेची जंगलं पेटून आठ-आठ दिवस
सूर्य तांब्याच्या पैशासारखा दिसेल तो,
सगळाच्या सगळा या एवढ्याशा खळग्यात.

मग दर दोनावर आणला. सहज.
डॉलर झाला पंचावन्न सेंटचा
आणि तिसरं युनिट, मनोऱ्यासकट, नफ्यात आलं.
मी घाबरले.
घरात कुणी नव्हतं, तरी आधी मागे पाहिलं,
मग सात परत जागेवर ठेवला,
उचललेली वस्तू गुपचूप ठेवतात तसा.

आज माझी पाळी आली तेव्हा मी सातचाच तक्ता वाचला.
आवाज बरा लागला. टाळ्या नाहीत, शिव्या नाहीत.
निर्णय वसंतात, असं ठरलं;
इथे वसंत मे महिन्यात येतो, आला तर.

ओरेस्टने गाडी माझ्या गाडीला नाक लावून उभी केली.
तांबडी केबल तांबड्याला, काळी लोखंडाला.
"यातली थोडी वाटेतच सांडते," तो म्हणाला, "फिरव किल्ली."
फिरवली.
"पुन्हा."