पहिल्या सालाची कॅसेट

हिंगण्याला मशीन बसवायला आलेले ओगावासाहेब
जाताना गुणवंतकाकाच्या हाती एक कॅसेट ठेवून गेले.
पाठीवर जपानी अक्षरं, खाली पेनानं: ९३.
एक बोट वर करून म्हणाले, फर्स्ट.
काकाला वाटलं, मशीनचीच माहिती असेल.

सदरहून व्हीसीआर आणला, चोवीस तासांच्या बोलीवर.
मे महिना. कूलरच्या टपात तळाशी उरलेलं पाणी,
आणि पडद्यावर धुकं, ओला रस्ता.
धुक्यातून गाड्या आल्या, एकामागून एक,
आणि मोजायला घेतल्या तोवर संपल्या.
"इतक्याच?" रियाजचाचानं विचारलं.
"पयलं साल हाय बे," काका म्हणाला,
जशी काही त्याला विचारूनच शर्यत ठेवली होती.

आमच्या टीव्हीला जपानी रंग समजत नव्हते.
सगळं काळं-पांढरं,
वरून एक जाड पट्टा सरकत खाली यायचा
आणि पहिल्या नंबरच्या गाडीला पुसून जायचा.
निवेदकाचं फुजी तेवढं कळायचं, सुझुका तेवढं.
बाकीचं आम्ही आमच्या मनानं भरलं:
हा गिअर चुकला, त्याचा टायर गेला,
त्या मागच्याचं घरी भांडण झालं असेल.

दारावर तीन की आठ, तेही दिसत नव्हतं, अशी एक गाडी
काकाला फार आवडली. जिंकत नव्हती. पण थांबतही नव्हती.
काका म्हणे हिरवी आहे. चाचा म्हणे निळी.
करड्या गाडीच्या रंगावरून
तर्री-पोह्याची पैज लागली,
निकाल लावणारं नागपुरात कोणी नव्हतं.

मग ती जागा यायची. काका तिथं टेप मागे घ्यायचा.
गाडी थांबते, दार उघडतं, एक जण उतरतो, दुसरा बसतो,
आणि उतरलेला तसाच अर्धा आत वाकून
दुसऱ्याचे पट्टे आवळत राहतो.
"पाह्य," काका म्हणायचा, "थकला असन, तरी जात नाही.
पयले त्याले बांधून देते."
सात-आठ वेळा. शेवटी मी कंटाळून अंगणात गेले.

शर्यती संपल्यावर कॅसेटमध्ये अजून थोडं काहीतरी होतं:
एक मुलगी, माझ्याएवढी, पायरीवर कलिंगड खाते,
बिया थुंकते, कॅमेऱ्याकडे बघून काही म्हणते.
इथं काका लगेच बटण दाबायचा.
दुसऱ्याच्या घरात असं पाहू नये.

त्याच पावसाळ्यात दोघांनी कामठी रोडला गॅरेज टाकलं.
पहिल्या वर्षी चार स्कूटर, एक ॲम्बॅसेडर,
आणि एक जीप, जिचे पैसे अजून यायचे आहेत.
सकाळी काका. पाचनंतर टेम्पो लावून चाचा.
पान्हा हाती देऊनही काका घरी येत नसे,
स्टुलावर बसून सांगत राही,
कोणत्या बोल्टची आटी गेली आहे,
कोणत्या गिऱ्हाइकाची.
शटर हिरवं होतं.

काका गेला त्याला अकरा वर्षं झाली.
परवा रात्री फोनवर ती शर्यत सापडली, रंगासकट.
धुकं तेच. गाड्या तेवढ्याच.
मी काकाच्या गाडीची वाट पाहिली.
निळी.

आज गॅरेजवर जाऊन चाचाला दाखवली.
चष्मा कपाळावरच होता, तो खाली घेतला नाही.
"निळीच होती. मले तवाच मालूम होतं."
"मग शटरचा रंग कोणी आणला होता?"
"मीच."
कार्ब्युरेटरमध्ये फुंकर मारत तो बराच वेळ बसला.
"तो म्हणत होता ना, हिरवी."

शटरला खालून गंज चढलाय.
दिवाळीआधी रंगवायचं, म्हणाला.
कोणता रंग, मी विचारलं,
तर माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी ओगावासाहेबांच्या भाषेत बोलले.