मंद्र कोमल धैवताखाली

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा. रात्रीचा दीड.
खालचा ट्रान्सफॉर्मर कधीचा
एकच स्वर धरून बसलाय,
जरासा उतरलेला.
मी धैवत टंकते आहे.

एका अक्षराखाली गर्दी तरी किती असावी?
कोमल म्हणून आडवी रेघ,
मंद्र म्हणून टिंब,
एका मात्रेत चौघं कोंबलेत म्हणून
चौघांना पोटाशी घेणारी चंद्रकोर,
त्याखाली बंदिशीचा शब्द
आणि सगळ्यांच्या तळाशी तालाचा आकडा,
ज्याला वरच्यांच्या भांडणातलं काही ठाऊक नाही.

पडद्यावर यातलं काहीच दिसत नाही.
तिथे नुसता मजकूर:
उलटी तिरपी रेघ, मंद्र, महिरपी कंस,
उलटी तिरपी रेघ, कोमल, महिरपी कंस,
ध.
मग कंस मिटायचे, आतला आधी,
बटण दाबायचं
आणि पान मांडून येईतो नख खायचं.

पहिल्यांदा टिंब रेघेत बुडालं.
मंद्राचा धैवत सप्तक चढून वर आला.
टिंब खाली ओढलं, तर चंद्रकोरीला टोचलं.
चंद्रकोर खाली ढकलली, तर शब्द सरकला,
शब्दाने आकड्याला धक्का दिला
आणि सम पुढच्या पानावर जाऊन पडली.

फाईल म्हणते, चूक ओळ तीनशे चाळीसवर.
तीनशे चाळीसवर काही नाही.
एकशे सतराव्या ओळीत कंस उघडा राहिलेला,
दोनशे तेवीस ओळी
चूक तशीच आतल्या आत वाहत आलेली.

म्हापणकर बाईंची वही उशाशी आहे.
शाई निळी, टिंबं मात्र लाल.
त्यांच्या हाताला असला प्रश्न कधी पडलाच नाही,
जागा कमी दिसली की रेघ आपसूक आखूड व्हायची,
चंद्रकोर थोडी अंग चोरायची.
तेवढं अंग चोरणं यंत्राला शिकवायला
मला अकरा रात्री लागल्या,
आणि शेवटी निघाला एक आकडा:
शून्य पूर्णांक पस्तीस.

रविवारी ऐरोलीला कच्चं पान नेलं.
बाईंनी ते नाकाला लावून वाचलं.
"हा कण अंगावर का आलाय माणसाच्या?
कण शिवून जातो गं, बसत नाही."
मी लिहून घेतलं: कण, आकार लहान, डावीकडे, थोडा वर.
शिवून जाण्याची कमांड कुठल्याच पुस्तकात नाही.

मग मी विचारलं त्या फुलीबद्दल.
दरबारीच्या अंतऱ्यात, त्याच धैवताच्या माथ्यावर
पेन्सिलीची बारीक फुली,
पुढे तीन बंदिशींत तशीच,
कुठल्याही पद्धतीत न सापडणारी.
तिच्यासाठी मी वेगळं चिन्ह कोरलं होतं,
उंची ठरवली होती, रेघेची जाडी ठरवली होती.
"याला काय म्हणायचं, बाई? आंदोलन?"

बाई पान धरून राहिल्या.
"इथे हेरंब चुकायचा."

कोण हेरंब, ते त्यांनी सांगितलं नाही.
एवढंच म्हणाल्या की शुद्ध लावायचा,
दर वेळी, ओरडा खाऊनसुद्धा,
"आणि एखाद्या वेळी, कुणाला सांगू नकोस,
बरं वाटायचं ते."

"मग काढून टाकू?"

"काढायची कशाला? तू केलीस ना एवढी?"

तर आता फाईलच्या माथ्यावर,
कोमल, तीव्र, मींड, खटका यांच्या रांगेत
एक कमांड आहे: हेरंब.
तिला कंस लागत नाही.
लिहिली की धैवतावर फुली उमटते
आणि कुणालाही न ढकलता बसते.

शेवटच्या पानावर चिन्हांची सूची करायची आहे.
रेघ म्हणजे कोमल. टिंब म्हणजे सप्तक.
फुलीसमोरची जागा अजून कोरी आहे.
शिवाय पान त्रेसष्टवर एक चंद्रकोर
समासाबाहेर लोंबतेय,
तिचं काय करायचं तेही उद्याच बघू.
ट्रान्सफॉर्मर मघाशीच बंद पडला.
बॅटरी बावीस टक्के.