जंगम मालमत्ता

जुना राजवाडा ठाण्यात भर दुपारी एक इसम आला.
इसम म्हणजे माणूसच,
पण आमचा उंबरा ओलांडला की तो इसम होतो.
आण्णगोंडा तातोबा मगदूम, वय एकसष्ट,
राहणार शिरोळच्या पुढं, नदीकाठी.
"म्याडम, चपला ग्येल्या."
घाटी दरवाजाशी काढल्या होत्या.
कापशी, गोंड्याच्या, करकर वाजणाऱ्या.

बावीस वर्षं माझ्या जिभेवर तीनशे एकोणऐंशी होतं,
आता तीनशे तीन.
चोरी तीच, नंबर नवा,
घर बदललं की गॅसच्या पुस्तकाला मिळतो तसा.

मनातल्या मनात वाचलं:
जंगम मालमत्ता. दुसऱ्याच्या ताब्यातली. संमतीशिवाय.
मग तो एक शब्द, ज्यावर सगळं कलम टेकलंय,
अप्रामाणिकपणे.
आणि वस्तू हलली पाहिजे.
नुसती नजर लावून बसलात तर चोरी नाही.
झाड जमिनीला धरून आहे तोवर चोरता येत नाही,
कुऱ्हाड बसून आडवं झालं की येतं.
उभा ऊस आणि ट्रॉलीतला ऊस, मध्ये एक स्वल्पविराम,
त्यात माझं सगळं बालपण मावतं.
आम्ही ट्रॉलीमागं पळत कांडी ओढायचो,
ड्रायव्हर आरशात बघून शिव्या द्यायचा,
वेग मात्र वाढवायचा नाही.
ही संमती धरायची का?
कुणी लिहून ठेवलेलं नाही.

"किंमत?"
"अठ्ठेचाळीसशे. पोरानं दिवाळीला घेटल्याती."
मी पेन खाली ठेवलं.
अजून दोनशे रुपयांचं कातडं असतं त्या जोडाला
तर मी टोपी घालून उठले असते.
पाच हजारांच्या आत, म्हणजे अदखलपात्र.
हा शब्द आम्ही गुन्ह्यासाठी वापरतो,
बाहेर तो माणसांनाही चालतो.

"गोंडं जरीचं हुतं," तो म्हणाला, "त्ये धरा की."
"पावती?"
"पोराकडं. पोरगं पुण्यात."

मग माझी नजर टेबलाखाली गेली.
"आणि ह्या पायातल्या कुणाच्या?"
"माझ्या जागंवर हुत्या त्या. फरशी तापलीती, म्याडम.
पाय भाजालते."

सापडलेली वस्तू आपलीशी करणं,
त्यालाही कलम आहे, चोरीच्या शेजारच्याच गल्लीत.
ज्या पायांनी तो फिर्यादी म्हणून चढला
त्याच पायांनी आता आरोपी होऊन बसला होता,
आणि त्याला पत्ता नव्हता.
अपवादांचं प्रकरण मी दोनदा चाळलं.
तिथं आग आहे, बोट आहे, बोटीतली माणसं आहेत.
एप्रिलची फरशी नाही.

त्याचा जोड नेणारा तरी कोण असेल?
असेल कुणी घाईत, प्रसादाचा पुडा हातात,
अंगठा सैल लागेपर्यंत महाद्वार रोड संपला असेल.
नजरचूक हा गुन्हा नाही.
पण नजरचूक होती हे ठरवायला आत बघावं लागतं,
आणि कापशी चप्पल करकर वाजते,
हेतू वाजत नाही.

मी एवढंच म्हणाले, "ह्या तुमच्या नाहीत, काका."
तो बराच वेळ पायांकडं बघत बसला.
"व्हय. न्हाईत."
उठला. त्या चपला उंबऱ्याबाहेर काढल्या,
नीट जोडून ठेवल्या,
जणू आत देव आहे,
आणि अनवाणी निघाला.
मी हाक मारली, "घालून जावा, स्टँडपर्यंत तरी!"
हे कोणत्या अधिकारात म्हणाले, माहीत नाही.
त्यानं मागं न बघता हात हलवला.

डायरीत लिहिलं: चार वाजून दहा मिनिटं. इसम निघून गेला. तक्रार नाही.

सहाला ड्यूटी संपवून बाहेर आले
तर उंबऱ्याशी जागा रिकामी.
मालक आला होता? की आणखी कुणाचे पाय?
किंमत किती, संमती कुणाची,
पोलिसांच्या दारातून गेली तर ताबा कुणाचा?
आत जाऊन नोंद करायला हवी होती.
मी वाकून फरशीला हात लावला.
अजून गरम होती.