भेटीचं कारण

मकरपुऱ्याच्या तिसऱ्या गेटवर रजिस्टर दोरीनं बांधलेलं,
पेनही दोरीनंच.
नाव: वृंदा खानविलकर.
कुठून आलात?
अकरा वर्षं या रकान्यात न बघता कंपनी लिहिली.
आज लिहिते, घरून.
भेटीचं कारण?
वर ओळीनं सगळे ‘ऑफिशियल’, एक ‘पेमेंट’.
वॉचमन घड्याळ बघतो.
मी लिहून टाकते, वैयक्तिक.

चौदा महिने सगळे मला शिकवतायत.
अलकापुरीतला मावसभाऊ म्हणाला,
नोकरी मागायची नसते गं, सल्ला मागायचा,
लोकांना द्यायला आवडतो.
खरं होतं त्याचं. सल्ले भरपूर मिळाले.
बायोडाटा एका पानात बसव, हा त्यातलाच.
बसवला.
टायट्रेशन, एचपीएलसी, तीन ऑडिट, दोन भाषांतले रिपोर्ट.
सासरे गेल्याचा फोन रात्रपाळीत आला
आणि मी बॅच पुरी करून निघाले,
ते बसलं नाही.

सतरा जणांना फोन केले.
‘सांगतो’ हा शब्द सतरा तऱ्हांनी ऐकला,
कुणाचा जिना चढता चढता, कुणाचा मीटिंगच्या दारातून.
एकीनं तो इतक्या मायेनं उच्चारला
की शेवटी मीच तिची समजूत काढली.

ही जागा कळली गुणवंतभाईंकडून.
ते आमची स्टाफ बस चालवायचे.
नंदेसरीचं युनिट बंद पडलं, तशी आता
दुसऱ्यांची माणसं वाहतात, चार गेटांवर थांबतात.
न्यायमंदिराजवळ सेव-उसळीच्या गाडीवर भेटले,
तर्री वाढून घेता घेता म्हणाले,
‘बेन, त्या लॅबवाल्या मुलीचं लग्न ठरलं, सुरतला चालली.
जागा खाली आहे. जाऊन तर या.’
माझ्या सतरांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं.
रोज दोनदा भेटायचे. सकाळी आणि संध्याकाळी.
माझ्यासाठी एकदा पाऊण तास बस थांबवली होती.
ओळख काढ, ओळख वाढव, म्हणत होते सगळे,
आणि मी ती व्हिजिटिंग कार्डांच्या डब्यात शोधत होते.

दुसरा मजला. टेबलाची ही बाजू मला नवी.
पलीकडे बसून मीही विचारायचे,
पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?
छाणीचा एक मुलगा म्हणाला होता, ‘मॅडम, इथेच.’
मी शेरा मारला होता, महत्त्वाकांक्षा कमी.
आज तोच प्रश्न आला
आणि तोंडून त्याचंच उत्तर निघालं, जसंच्या तसं.
समोरच्या मुलीनं काहीतरी टिपलं.
उलटं वाचायची सवय आहे मला.
नजर खिडकीकडे नेली.

‘आणि मधले चौदा महिने?’
आरशासमोर घोटलेलं उत्तर होतं, कौशल्यवाढ वगैरे.
म्हटलं, ‘घरी होते. फोन करत होते.’
ती हसली. कशी हसली ते बस मिळेपर्यंत ठरवत राहीन.
पाण्याचा ग्लास समोर होता, झाकणासकट.
त्याला कधी हात लावायचा
हे मात्र कुणीच शिकवलं नव्हतं.
तसाच राहिला.

‘कळवतो.’
सांगतो नाही, कळवतो. तेवढा फरक.

गेटवर जाण्याची वेळ लिहिली, बारा दहा.
माझ्या खालच्या ओळीवर एक मुलगा अडलेला,
फाइल छातीशी, गळ्यात कुणाचा तरी टाय.
पेन भेटीच्या कारणावर.
‘आँटी, इथे काय लिहितात?’
मी म्हटलं, ‘पाणी ठेवतात. आधीच पिऊन घे.
आणि जिन्यात धावू नकोस, दम लागतो, बोलताना कळतं.’
त्यानं मान हलवली.
मग माझ्या शब्दाखाली,
वरीलप्रमाणेच्या,
दोन बारीक रेघा ओढल्या.