रिजेक्शनची टेकडी

सुलक्षाने कॅनडाहून फोटो पाठवला:
दोन पोरं, गाल लाल, पायांना लांब पट्ट्या,
मागे एक बुटकी पांढरी टेकडी.
खाली लिहिलं होतं, गर्दी नसते इथं, शिकणाऱ्यांना बरी.
उर्वीने दोन दिवस फोन सोडला नाही.
मग न्हाणीत, डोक्यावर तांब्या ओतताना, विचारलं,
आपल्याकडे कुठं आहे?

आपल्याकडे बर्फ
मासळीच्या टोपलीत असतो.
पण कुळागरात विऱ्या पडतात रोज,
पोफळ सोडून देते, धप्प,
रुंद, आतून साबणासारख्या गुळगुळीत.
रविवारी चार विऱ्या स्कूटरला बांधल्या
आणि गेलो डिचोलीच्या पुढं,
कंपनीच्या गेटातून आत.
वॉचमन नाही. त्याची खुर्ची आहे, तीन पायांची.

टेकडी बुटकीच.
वर आकेशिया लावलेले, साहेबांना हिरवं दाखवायला.
त्यांची पानं वाळून थरावर थर,
पाऊल ठेवावं तर पाऊल पुढं आणि आपण मागे.

मी आधी एकटा उतरलो.
नव्या उतारावर पहिली खेप रिकामी, ही जुनी सवय.
दोन धोंडे होते, उचलून टाकले.
पलीकडच्या अंगाला खाण.
पाणी हिरवं, किती खोल ते कुणी मोजत नाही.
रेषा त्या बाजूला जाऊन उभी राहिली, कमरेवर हात,
आणि दिवसभर हलली नाही.

दयेश आला, माझा क्लीनर होता तो,
त्याची पोरं आली, त्याची आईही,
म्हणाली, मी नुसती बघणार,
आणि अर्ध्या तासाने पदर खोचून विरीवर बसली.

उर्वीने देठ एवढा घट्ट धरला
की मधेच अडकली.
रडली नाही. वर पाहिलं, खाली पाहिलं,
मग बुडाने रेटत रेटत पोचली.
पुढच्या वेळी किंचाळली.
केव्हातरी दुपारी तोंड मिटून, डोळे उघडे ठेवून आली,
आणि मला कळलं, हिला जमलं.

रांग नाही, तिकीट नाही,
विरी डोक्यावर घेऊन परत चढायचं, एवढंच भाडं.
चढता चढता, धापत:
बाबा, हा डोंगर किती वर्षांचा?
तुझ्याहून चार वर्षांनी मोठा.
ती हसली. डोंगर असे नसतात,
पुस्तकात लाखो वर्षं लिहिलंय.

तिला कसं सांगू, हा मी आणलाय.
दिवसाला अकरा खेपा, रात्रीच्या वेगळ्या.
रिव्हर्समध्ये पार कडेपर्यंत,
मागे दयेश, फळीवर थापा मारत,
येऊ दे, येऊ दे, येऊ दे, बस्स.
मग ट्रॉली वर, आणि धुळीत
त्याचा हातही दिसायचा नाही.
चांगला माल बार्जीत चढून गेला.
हा राहिला. याला गिऱ्हाईक नव्हतं.
पुस्तकातली लाखो वर्षं
तिकडे होती, आता हिरवं पाणी आहे तिथं.
घराचे हप्ते त्यातूनच फिटले.
उर्वीचं नाव ठेवलं तेही
त्याच पगारात, पेढे वाटून.

ऊन आकेशियांच्या मागे गेलं.
पोरांच्या चड्ड्या लाल, त्या आता लालच राहणार,
ही माती जात नाही,
माझ्या बनियनांना विचारा.
फ्रॉकात कुसळं, केसांत पानं,
एक विरी उभी फाटलेली.

मी जाऊन रेषाच्या जागी उभा राहिलो.
काही बोललो नाही.
तिने माझ्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं,
चपला काढून एकीवर एक ठेवल्या
आणि वर गेली.
खालून दयेशने, सवयीनेच,
दोन्ही हात हलवले:
येऊ दे, वहिनी, येऊ दे.

ती आली.
केस सुटलेले, आवाज न करता,
आम्हा सगळ्यांच्या पुढं निघून गेली, गवतात पार,
आणि थांबल्यावरही
बराच वेळ उठली नाही.