मोजणारी

तू घोरतोस तोवर मला झोप लागते.
घोरणं थांबलं की मी जागी.

शेजारच्या बायकांना हे उलटं वाटतं.
त्या नवऱ्याला कोपर मारतात,
उशी उचलून स्वयंपाकघरात जातात.
मी अंधारात पडून मोजते:
नऊ, दहा, अकरा,
कालव्यावरून एखादा बार्ज सरकतो,
एकोणीस, वीस,
तुझी छाती हलतेय, हवा मात्र कुठेच नाही,
सव्वीस,
आणि बुडता माणूस वर यावा
तसा तो एक आवाज.
तू कूस बदलतोस. सकाळी तुला काही आठवत नाही.

चेर्नावोडाच्या जलद्वारावर तुझी बावीस वर्षं गेली.
दारं लावायची, पाणी चढू द्यायचं,
गव्हाचे, कोळशाचे बार्ज पुढे सोडायचे.
एकदा दुपारी खुर्चीत डोळा लागला
म्हणून साहेबांनी लेखी ताकीद दिली.
तो कागद मला सापडला
कोट धुतल्यावर, खिशात, लगदा होऊन.

एकशे बहात्तरवर एकशे चार.
एक गोळी. मग दुसरी. मग लघवीची तिसरी.
सगळ्यांनी मिठाला धरलं.
मी आंबवलेल्या कोबीचं पिंप ओढत परसात नेलं,
पालथं केलं. अख्खा हिवाळा मातीत.
कोंबड्या दोन दिवस त्याभोवती फिरल्या.
आकडा तसूभर हलला नाही.
तू एवढंच म्हणालास,
सेवास्तित्सा, आता सार्माले कशात गुंडाळणार?

कॉन्स्टान्त्साची डॉक्टर तरुण होती.
तिने गोळ्यांचं विचारलं, मिठाचं, दारूचं,
आणि आम्ही उठता उठता माझ्याकडे वळून म्हणाली,
रात्री कसे झोपतात?

अकरा वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं.
सव्वीस, मी म्हटलं. कधी एकतीस.
ईस्टरच्या आदल्या रात्री, एकदा, चव्वेचाळीस.
तिने पेन खाली ठेवलं.

एक रात्र तुला तारा लावून निजवलं.
तासाला सत्तेचाळीस वेळा.
कागदावर तिने लिहिलं: स्लीप ॲप्निया.
घसा मिटतो, म्हणाली, रक्तातला प्राणवायू उतरतो,
शरीराला वाटतं आपण बुडतोय,
शिरा आवळतात, हृदय ढोसत राहतं.
इतरांचं रक्त रात्री जरा टेकतं,
ह्यांचं टेकतच नाही.
आणि उजाडलं तरी शिरांना कोणी सांगत नाही
की झालं, संपलं.

तू गुडघ्यावर टोपी फिरवत ऐकत होतास.
म्हणजे दार अडकतंय, म्हणालास,
मागे पाणी चढतंय,
आणि आम्ही तीन वर्षं बादलीनं उपसतोय.
ती हसली. अगदी तसंच नाही, म्हणाली,
पण जवळपास.

आता उशाशी यंत्र आहे. नळी, मुखवटा.
पहिल्या आठवड्यात तू तो तीनदा भिरकावलास.
तोरिनोहून पोरीने फोनवर पाहिलं,
म्हणाली, बाबा वैमानिक झाले!
मग हळूहळू, वसंतापासून द्राक्षं पिकेपर्यंत,
एकशे सेहेचाळीस. अठ्ठ्याऐंशी.
एक गोळी सुटली. दोन राहिल्या,
राहतील, म्हणते डॉक्टर. जादू नाही ही.

खोलीत रात्रभर एकसारखी हवा वाहते
आणि मी जागी आहे.
मोजायला काही उरलं नाही
तरी ओठ हलतात: सात, आठ.

काल गंमत म्हणून
तू तो पट्टा माझ्या दंडाला बांधलास.
एकशे अठ्ठावन्न.
पुन्हा फुगवलास. पुन्हा.
मग काही न बोलता दिवा मालवलास,
मुखवटा चढवलास,
आणि त्याच्याआडून, विहिरीतून यावा तसा तुझा आवाज:
झोप. आज मी मोजतो.

सहापर्यंत ऐकू आलं.