टाकी

लग्नाला नऊ दिवस उरले असताना प्रणिता फोनवर म्हणाली,
"आई, हळद मी जात्यावर दळणार. खऱ्या."
'खऱ्या'वर जोर होता,
कारण इव्हेंटवाल्या पोरानं आदल्या रविवारी
थर्माकोलचं जातं दाखवलं होतं,
जांभळं, मोत्यांच्या लडी चिकटवलेलं,
आणि सांगितलं होतं, "फिरवायचं नाही मॅडम, फक्त धरायचं."

जातं सापडलं.
सेलूत, आमच्याच गल्लीत, दुरपदाबाईंच्या दारात,
सतरा उन्हाळे त्यावर त्यांचा कूलर उभा होता.
कूलर उतरवला. दगडावर पाण्याचे पांढरे वळ,
खुंट्याच्या भोकात वायरीचा तुकडा.
धुतलं, घासलं, मूठभर ज्वारी घातली.
ज्वारी गेली तशीच बाहेर आली,
माझ्या वर्गातल्या काही पोरांसारखी,
अख्खीच्या अख्खी.

"दात गेलेत त्याचे," दुरपदाबाई म्हणाल्या,
"टाकी लावाय पाहिजे."
मग आम्ही दोघी गप्प.
टाकीवालीची हाळी गल्लीतून कधी गेली?
गिरणी आली तेव्हा? का नंतर?
मी त्या वर्षी अंबाजोगाईला बी.एड. करत होते,
मला काय ठाव.

पाथरी रोडला व्यंकटचं ग्रॅनाइटचं दुकान.
निम्म्या सेलूचे ओटे त्यानंच कापलेले.
"मशीन मारतो ना काकू,
पाच मिनिटांत आरसा करून देतो."
मागं बाजेवर त्याची आजी पडलेली, यल्लूबाई.
तिनं डोळेही उघडले नाहीत.
"आरशात दळतेत का रे?"

हळदीच्या सकाळी ती नातवाच्या मोटारसायकलवर आली,
लॉन्सच्या हिरव्या प्लॅस्टिक गवतावर फतकल मारून बसली.
चिंधीतून टाकी काढली, बोटाएवढी उरलेली.
दिसत नव्हतं तिला फारसं.
बोटानं दगड चाचपायची, मग ठोका,
पुन्हा बोट, पुन्हा ठोका,
मधून सुरुवात, काठाकडं.
डीजेवाला चेक चेक करत होता. म्हणाला,
"आजी, किती वेळ चालायचंय?"
"तुझं होऊ दे बाबा. मग माझं होतंय."

पहिली वैरण कचाची.
"ही कुणाच्या पोटात जाऊ द्यायची न्हाई,"
म्हणत तिनं ते करडं पीठ लिंबाखाली टाकलं.
मी पाचशेची नोट पुढं केली.
नोट घेतली. हात तसाच राहिला.
"आन् दाणे?"
केटररकडं बासमती होता, शिजलेला.
माझ्याकडं अक्षतांची पिशवी, केशरी.
"रंगाचे नकोत," ती म्हणाली.
शेवटी दुरपदाबाई रिक्षानं घरी गेल्या
आणि सुपात ज्वारी घेऊन आल्या,
रिक्षाचे साठ रुपये मी दिले.

मग प्रणिता बसली. समोर जयवर्धन,
उदगीरचा, गुडघे दुमडता न येणारा.
"नवरदेवानं जात्याला हात लावत नसतेत," माझी नणंद कुजबुजली.
त्याला ऐकू गेलं. त्यानं खुंटा आणखी घट्ट धरला.
एक ओढायचा तेव्हा दुसराही ओढायचा,
जातं जागीच कुरकुरायचं.
फोटोवाला म्हणाला, "काकू, काहीतरी म्हणा ना,
म्हणतात ना यावर काहीतरी."
आम्ही अकरा बायका. दुरपदाबाईंनी पहिली ओळ धरली,
दुसरीला अडल्या, पुन्हा पहिली,
पुन्हा तिथंच.
त्यातच कधीतरी त्या दोघांचा हात जुळला,
आणि दगडाच्या कडेनं पिवळं
सांडायला लागलं.

भरडच होती. पार्लरवाली म्हणाली, चेहऱ्याला टोचेल.
माझ्या जुन्या लुगड्याच्या पदरातून गाळली,
तरी टोचली असणार.
लेक काही बोलली नाही.

जातं आता माझ्याकडं आहे, गच्चीच्या जिन्याखाली.
दुरपदाबाईंचा कूलर चार विटांवर आहे,
एका बाजूला जरा कललेला.